एकच घर, एकच विषाणू; मग आजार वेगळा का?

अमरावतीतील आमच्या एका सहशिक्षिकेला एक वाक्य आजही छळते. गोष्ट फेब्रुवारी २०२१ ची. २७ जानेवारीपासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले होते आणि शाळेत यायचे तर शिक्षकांना कोरोनाची तपासणी करावी लागत होती. तिचा अहवाल पॉझिटिव्ह आला. तिला ना ताप होता ना खोकला. आठवडाभरात घरातले सगळेच पॉझिटिव्ह निघाले. सत्तरीच्या सासूबाईंना दोन दिवस कणकण आली, नवऱ्याला थोडा खोकला झाला. पण थोरले दीर, वय ४१, ना साखर ना बीपी, रोज फजरच्या नमाजनंतर मैदानावर चालायला जाणारे, नवव्या दिवशी ऑक्सिजनवर गेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा इंतकाल झाला.

चाळिसावा झाल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मौत तो लिखी थी, पर बीमारी घर में तू ही लायी."

त्यानंतर तिला कोणी वाईट बोलले नाही, पण ते वाक्य घरातच राहिले. तिने आम्हाला विचारले, "मला काहीच झाले नाही आणि भाईजान गेले. हे असे कसे? खरेच माझा गुन्हा आहे का?"

हा प्रश्न एका घराचा नाही. वऱ्हाडात अशी घरे गल्लोगल्ली आहेत. कोणी म्हणाले, त्यांच्या आमालचा परिणाम. कोणी म्हणाले, मनाने घाबरला म्हणून गेला. कोणी सगळे सुनेवर टाकले. विज्ञानाने मात्र या काळात या प्रश्नाचा बराच शोध घेतला आहे. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण जे समजून घेतले ते आपल्या भाषेत वाचकांपुढे ठेवणे आमचे काम आहे असे वाटले, म्हणून हा लेख.

विषाणूही बदलतो

आधी त्या दिवसांची आठवण करू. २०२० च्या अखेरीस साथ ओसरल्यासारखी वाटत होती. लग्ने सुरू झाली, बाजार भरू लागले. आणि फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ येथे रुग्ण पुन्हा झपाट्याने वाढले. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. राज्यातील बाकीच्या शहरांना दुसरी लाट कळायची होती, तेव्हा आपण ती भोगत होतो.

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की महाराष्ट्रातील नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र असलेल्या विषाणूचे प्रमाण वाढले आहे. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटले. शास्त्रज्ञांनी या वंशाला बी.१.६१७ असा क्रमांक दिला. त्याच्याच एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' हे नाव दिले आणि पुढे डेल्टाने जगभर थैमान घातले.

म्हणजे आजाराच्या तीव्रतेतील एक भाग विषाणूच्या जीनमध्ये असतो. विषाणू स्वतःच्या नकला काढतो. नक्कल करताना चुका होतात. एखादी चूक त्याच्या फायद्याची ठरली तर तोच नमुना पसरतो. पण एका छताखाली सगळ्यांना बहुधा एकच विषाणू मिळाला. तरी आई वाचली आणि मुलगा गेला. उत्तराचा दुसरा भाग माणसाच्या शरीरात शोधावा लागतो.

शरीराची पहिली हाक

मोहल्ल्यात रात्री चोर शिरला, तर ज्याच्या घरात शिरला तो ओरडतो. त्या आवाजाने शेजारी दारे लावतात, काठ्या घेऊन उभे राहतात. आपल्या पेशींचेही असेच आहे. विषाणू शिरलेली पेशी 'इंटरफेरॉन' नावाचे रसायन सोडते. ही तिची हाक. ती ऐकून शेजारच्या पेशी विषाणूला रोखण्याची तयारी करतात. ही हाक पहिल्या काही दिवसांत मिळाली तर बहुतेक वेळा लढाई तिथेच संपते.

ही हाक मारण्याची आणि ऐकण्याची यंत्रणा कशी बांधायची, याचा नकाशा जीनमध्ये असतो. जीन आई आणि बाप दोघांकडून येतात. नकाशात एखादी ओळ चुकलेली असेल तर माणूस एरवी ठणठणीत दिसतो. तो शिकतो, कमावतो, क्रिकेट खेळतो. पण नवा विषाणू आला की त्याची हाक उशिरा उठते, किंवा उठतच नाही. तोवर विषाणू फुप्फुसात पोचलेला असतो.

सप्टेंबर २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एका आंतरराष्ट्रीय गटाचे संशोधन आले. त्याचे नेतृत्व जाँ-लोराँ कासानोव्हा करत होते. त्यांनी कोरोनाने अत्यवस्थ झालेल्या ६५९ रुग्णांचे जीन तपासले. त्यांपैकी सुमारे ३.५ टक्के लोकांमध्ये इंटरफेरॉनच्या यंत्रणेत जन्मजात दोष सापडले. सौम्य किंवा लक्षणांशिवाय आजार झालेल्या ५३४ जणांत असा दोष जवळजवळ आढळला नाही. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात ९८७ अत्यवस्थ रुग्णांपैकी १०१ जणांचे शरीर स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांनी भरलेले आढळले. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. अशा रुग्णांना बाहेरून काहीच दिसत नव्हते. हाक दबलेली होती, इतकेच.

मामूंचे काय झाले होते?

त्याच वर्षी नेदरलँड्समधून एक छोटा पण डोळे उघडणारा अभ्यास आला. दोन घरांतले चार तरुण, म्हणजे सख्ख्या भावांच्या दोन जोड्या, कोरोनाने अतिदक्षता विभागात पोचले होते. चौघेही तरुण, आधी निरोगी. एकाचा मृत्यू झाला. तपासणीत चौघांच्याही 'टीएलआर ७' नावाच्या जीनमध्ये दोष निघाला. विषाणू आल्याचे ओळखून हाक देणाऱ्या यंत्रणेतला हा पहारेकरी आहे.

हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. बाईकडे दोन एक्स असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा बऱ्याच अंशी काम सांभाळतो. पुरुषाकडे एकच एक्स असतो आणि तो आईकडून येतो. म्हणून असा दोष आई जपून नेते, तिला फारसे काही होत नाही, आणि तो मुलात उघडा पडतो. आईच्या भावातही तो असू शकतो. पुढच्या अभ्यासात साठीच्या आतल्या अत्यवस्थ पुरुषांपैकी सुमारे १ टक्का लोकांत हा दोष आढळला. प्रमाण लहान आहे, पण ज्या घरात तो असतो त्या घरासाठी तो पुरेपूर मोठा असतो.

हे वाचल्यावर आमच्या सहशिक्षिकेने सासूबाईंना विचारले, "आपके कोई भाई जवानी में गुजरे थे?" अकोल्याच्या ताजनापेठेत त्यांचे माहेर. एक भाऊ तिशीत गेला होता. कशाने? "बुखार आया था, बस." दवाखान्याचा कागद नाही, कोणाला आजाराचे नाव आठवत नाही. त्या भावाला आणि भाईजानांना एकच दोष होता, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तपासणी झालेली नाही, आणि तापाने जायची हजार कारणे असतात. पण आपल्या घरात तरुणपणी कोण कशाने गेले, हे आपल्याला ठाऊकच नसते, ही गोष्ट त्या उत्तराने आमच्या लक्षात आली.

ही माहिती का मोलाची, ते डेन्मार्कच्या एका जुन्या अभ्यासावरून कळते. १९८८ साली ९६० दत्तक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दत्तक मूल जन्मदात्यांपासून दूर, वेगळ्या घरात, वेगळ्या अन्नपाण्यावर वाढते. तरीही ज्यांचे जन्मदाते आई किंवा बाप पन्नाशीच्या आत संसर्गजन्य आजाराने गेले होते, त्या दत्तकांचा संसर्गाने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या जवळपास सहा पट निघाला. म्हणजे घर बदलले तरी रक्तातला वारसा सोबत आला.

तिला काहीच का झाले नाही?

उलट बाजूही आहे. काही वारसा वाचवणारा असतो. २०२३ साली अमेरिकेत, अस्थिमज्जा दान करणाऱ्यांच्या नोंदवहीतून निवडलेल्या आणि लस न घेतलेल्या लोकांचा अभ्यास झाला. कोरोना होऊनही ज्यांना लक्षणे आली नाहीत, त्यांच्यातील २० टक्के लोकांकडे 'एचएलए-बी १५:०१' नावाचा जीनचा प्रकार होता. ज्यांना लक्षणे आली त्यांच्यात तो ९ टक्के लोकांकडेच होता. साध्या सर्दीच्या जुन्या कोरोना विषाणूंशी झालेली लढाई अशा लोकांच्या पेशींना नव्या विषाणूविरुद्ध उपयोगी पडते, असे दिसले.

एचआयव्हीबाबत तर याहून ठळक उदाहरण आहे. 'सीसीआर ५' या जीनमधला एक विशिष्ट दोष आई आणि बाप दोघांकडून मिळाला, तर एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना पेशीत शिरायचे दारच सापडत नाही. असा वारसा उत्तर युरोपातल्या काही लोकांत आहे, भारतात जवळजवळ नाही.

आमची सहशिक्षिका लक्षणांशिवाय राहिली, यात तिची हुशारी नव्हती. तसाच भाईजानांच्या जाण्यात त्यांचा कमकुवतपणा नव्हता.

आपला वारसा कोणता?

जर्मनीत काम करणारे शास्त्रज्ञ स्वांते पेबो (त्यांना २०२२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले) आणि ह्यूगो झेबर्ग यांनी सप्टेंबर २०२० मध्ये दाखवले की गुणसूत्र ३ वरील डीएनएचा एक तुकडा गंभीर कोरोनाचा धोका वाढवतो. हा तुकडा सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी निअँडर्थल या लुप्त झालेल्या मानवांकडून आपल्याकडे आला. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांकडे तो आहे, तर दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे.

हे वाचून घाबरायला होते. पण २०२१ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठ आणि हैदराबादची सीसीएमबी येथील शास्त्रज्ञांनी भारत आणि बांगलादेशची आकडेवारी तपासली, तेव्हा हा तुकडा आणि साथीची तीव्रता यांचा संबंध आपल्याकडे दिसला नाही. गोऱ्यांवर झालेला निष्कर्ष आपल्यावर जसाच्या तसा बसत नाही, हे त्यातून कळले. आपल्या लोकांचा अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवा.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना सांगायलाच हवी. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या मोहल्ल्यांकडे कसे पाहिले गेले, ते कोणी विसरलेले नाही. जणू विषाणूला धर्म होता. सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय मुसलमानांचा जनुकीय वारसा मुख्यतः त्या त्या प्रदेशातल्या शेजाऱ्यांसारखाच आढळला. अरबस्तान, इराण किंवा आफ्रिकेकडून आलेला अंश थोडा आहे. आपण याच मातीचे. विषाणूने शेजाऱ्याला जसे गाठले तसेच आपल्याला.

सिकलसेल: आपल्या विदर्भाचा धडा

जीन आणि विषाणू यांची गाठ प्रत्यक्ष कशी पडते, हे पाहायला दूर जायची गरज नाही. विदर्भात सिकलसेल आहे. आदिवासी आणि इतर अनेक समाजांत तो जास्त आढळतो, मेळघाटातही आहे. हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची जेमतेम दहा ते वीस दिवस. म्हणून त्याची अस्थिमज्जा रात्रंदिवस नव्या पेशी बनवत असते.

आता 'पार्व्होव्हायरस बी १९' हा विषाणू घ्या. निरोगी मुलाला त्याने थोडा ताप येतो, गाल लाल होतात, कधी काहीच होत नाही. हा विषाणू अस्थिमज्जेतले तांबड्या पेशींचे उत्पादन आठवडाभर थांबवतो. १२० दिवसांच्या साठ्यात आठवड्याची तूट कळतही नाही. पण ज्याचा साठाच दहा-वीस दिवसांचा, त्याचे हिमोग्लोबिन काही दिवसांत धोकादायक पातळीवर घसरते. १९८१ मध्ये लंडनमध्ये सिकलसेलच्या मुलांवर अभ्यास करताना हा संबंध स्पष्ट झाला. वेळेत रक्त चढवले तर मूल वाचते. म्हणून सिकलसेलचे मूल अचानक पांढरे पडले, धापा टाकू लागले, उठेनासे झाले, तर 'अशक्तपणा आहे' म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.

विषाणू एकच असतो. एका मुलाला तो गालावरची लाली देतो, दुसऱ्याचा जीव घ्यायला निघतो. फरक असतो जीनचा.

नात्यातल्या लग्नाबद्दल थोडे स्पष्ट

आपल्या समाजात चुलत, मामे, खालाजाद, फुफीजाद भावंडांची लग्ने होतात. दीनने त्याची परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. वऱ्हाडात मामाच्या मुलीशी लग्न इतर समाजांतही होते, दक्षिणेत तर मामा-भाचीचेही. तेव्हा हा मुद्दा कोणाच्या धर्माचा नाही.

हिशेब असा आहे. प्रत्येक माणसाजवळ काही बिघडलेले जीन असतात, पण दुसरी चांगली प्रत असल्याने ते झाकलेले राहतात. सख्ख्या चुलत-मामे भावंडांचे सुमारे आठवा हिस्सा जीन सारखे असतात. दोघांकडे एकच बिघडलेला जीन असेल तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. प्रतिकारशक्तीचे अनेक जन्मजात आजार याच वाटेने येतात. सिकलसेल आणि थॅलेसेमियाही याच वाटेने, आणि त्यासाठी नाते जवळचेच असावे लागते असे नाही. एकाच बिरादरीत पिढ्यानपिढ्या लग्ने झाली तरी ते घडते.

नात्यात लग्न झालेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी असतात, हेही तितकेच खरे. म्हणून झालेल्या लग्नांना कोणी बोट लावू नये. पण मंगनीपूर्वी दोघांची हिमोग्लोबिनची तपासणी करायला काय हरकत आहे? राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि सरकारी यंत्रणेत ही तपासणी होते. मेहर आणि जेवणाच्या मेनूवर आठवडा घालवणाऱ्या आपल्या बुजुर्गांनी या कागदावर एक दिवस घालवावा.

आपल्या हातात काय?

जीन म्हणजे तकदीरचा शेवटचा शब्द नव्हे. कोरोनात सर्वांत मोठा धोका वयाचा होता. मग मधुमेह, लठ्ठपणा, हृदय आणि मूत्रपिंडाचे आजार. उपचार वेळेत मिळाला की नाही, यावरही पुष्कळ अवलंबून होते. वारसा हा यातला एक धागा आहे. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. तर बांधायचे ते असे:

• एका वहीत घराचा आजारनामा लिहा. दादा, नाना, मामू, खाला, फुफी. कोण कोणत्या वयात, कशाने गेले. पन्नाशीच्या आत संसर्गाने गेलेल्यांच्या नावापुढे खूण करा. डॉक्टरकडे जाताना ही वही न्या.

• मुलाला वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, चार-चारदा कान फुटला, दोन-दोन महिने अँटिबायोटिक चालूनही फरक पडला नाही, वजन वाढत नाही, किंवा घरात लहान मुले दगावली आहेत, तर बालरोगतज्ज्ञांना 'प्रतिकारशक्तीची तपासणी हवी का?' असे स्वतःहून विचारा. मुंबईच्या परळ भागात केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत अशा आजारांवर काम होते.

• लस टाळू नका. गोवर, पोलिओ यांच्या लसी आपल्या मुलांसाठीच आहेत. मात्र घरात प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार निदान झाला असेल तर काही जिवंत लसी त्या मुलाला चालत नाहीत. हे डॉक्टरांना आधी सांगा. अशी मुले अगदी थोडी असतात, आणि ती वाचतात ती बाकीच्या मुलांनी लस घेतल्यामुळेच.

• तरुण आहे, धडधाकट आहे, म्हणून ताप अंगावर काढू नका. धाप लागली, ओठ निळसर झाले, तर वय पाहू नका.

शेवटी त्या वाक्याबद्दल

त्या घरात विषाणू नक्की कोणी आणला, हे आता कोणालाच कळणार नाही. भाईजान रोज इतवारा बाजारात दुकानावर बसत होते. नवरा बँकेत जात होता. सुनेची तपासणी शाळेमुळे आधी झाली, म्हणून तिचे नाव आधी आले, इतकेच. आणि तिने आणला असे धरले तरी, तो एकाला दोन दिवसांची कणकण आणि दुसऱ्याला मौत देईल, हे ठरवणे तिच्या हातात नव्हते. ते लाखो वर्षांच्या वारशात, वयात, उपचारात आणि अल्लाहच्या मर्जीत होते. जो गुन्हा कोणी केलाच नाही, त्याची सजा सुनेने का भोगावी?

आम्ही हे सगळे त्या घरी जाऊन सांगितले. सासूबाईंनी ऐकून घेतले. त्या माफी मागतील अशी आमची अपेक्षा नव्हती, त्यांनी मागितलीही नाही. तरुण मुलगा गेलेल्या आईकडून आम्ही काय मागणार? पण मगरिबनंतर त्यांनी सुनेला वही आणायला सांगितली. मग एकेक नाव सांगू लागल्या: अकोल्याचा भाऊ, त्याचे अंदाजे वय, बुखार किती दिवस होता, दवाखान्यात नेले होते की नाही. सून लिहीत होती. शेवटी भाईजानांचे नाव आले. थोडा वेळ दोघीही गप्प होत्या. मग सासूबाईच म्हणाल्या, "लिख."

तुमच्या घरातही अशी वही नसेल. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि पहिले नाव लिहा. आणि तुमच्या घरात असे एखादे वाक्य कोणाच्या वाट्याला आले असेल, तर ते परत घ्या. जे गेले त्यांना अल्लाह जन्नत नसीब करो, आणि मागे राहिलेल्यांना एकमेकांवरच्या इल्जामातून मोकळे करो. आमीन.